‘हुबेहूब’च्या पुढे : कोल्हापुरात चित्र बघायला शिकताना

दसरा चौकात शाहू स्मारक भवनच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की एक गोष्ट हमखास दिसते. माणसं दारातून आत येतात, भिंतीच्या कडेकडेनं सरकत जातात. “रंकाळा हाय बघ”, “हे खिद्रापूर”, “फोटोच काढल्यागत केलंय!” चाळीस चित्रं दहा मिनिटांत संपतात, वहीत ‘अतिशय सुंदर’ असा शेरा पडतो आणि मंडळी मिसळ खायला मोकळी होतात. चित्रं ओळखून झाली, बघायची मात्र राहिली.

कोल्हापुरात ही अडचण जरा जास्तच आहे, कारण इथली परंपरा वास्तववादी. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून आजपर्यंत इथला चित्रकार समोरचं माणूस, समोरचा घाट, समोरचं झाड रंगवत आला. अमूर्त चित्रापुढं माणूस निदान अडखळतो. रंकाळ्याच्या चित्रात रंकाळा दिसला की आपण पुढच्या फ्रेमकडं वळतो. पण चित्रकाराचं काम तिथून पुढं सुरू झालेलं असतं: हजार गोष्टींतून काय घेतलं, काय गाळलं, उजेड कुठं ठेवला, कुठली कड पुसली. ते बघायची सवय साताठ आठवड्यांत लागते. चित्र काढता यायची गरज नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर वस्तुचित्राच्या तासाची थोडी आठवण कामी येईल, एवढंच.

आधी घरी : अंडं, मग तांब्या

सुरुवात म्युझियममध्ये करू नका, स्वयंपाकघरात करा. एक अंडं घ्या आणि खिडकीपासून दोनेक फुटांवर, कोऱ्या कागदावर ठेवा. उजेड एकाच बाजूनं आला पाहिजे. घरातली ट्यूब आणि बल्ब बंद करा. नाहीतर दोन-तीन सावल्या एकमेकींवर पडतात आणि काहीच उलगडत नाही. नव्या माणसाची पहिली चूक हीच.

आता अंड्यावर सहा जागा शोधा. सगळ्यात उजळ ठिपका. त्याभोवतीचा उजेडातला भाग. मग उजेड आणि सावली यांच्यामधला करडा पट्टा, म्हणजे हाफटोन. त्यापुढं सगळ्यात गडद पट्टा. गंमत अशी की हा पट्टा अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो, कारण कडेला खालच्या पांढऱ्या कागदावरून परतलेला उजेड लागतो. हा परतलेला उजेड ही पाचवी जागा. सहावी म्हणजे कागदावर पडलेली सावली: अंडं जिथं टेकलंय तिथं ती सगळ्यात काळी आणि तिची कड धारदार, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ.

परतलेला उजेड कितीही चमकदार वाटला तरी तो उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच असतो. एका डोळ्यानं, पापण्या अर्ध्या मिटून बघा म्हणजे पटेल. शिकाऊ चित्रात तो हटकून जास्त उजळ होतो आणि गाल फुगल्यासारखा, पत्र्याचा दिसायला लागतो. पुढं एखादं व्यक्तिचित्र ‘कुठंतरी चुकलंय’ असं वाटलं, तर आधी हनुवटीखालचा हा उजेड तपासा.

अंडं दोन-तीन दिवस, रोज दहा मिनिटं बघितलंत की त्याच जागी पितळी तांब्या ठेवा. घासलेला पितळ आरशासारखा वागतो. मघाच्या सहा जागा त्यावर नीट सापडत नाहीत. त्याच्या पोटावर खिडकीच वाकून बसलेली दिसते, गजांसकट, आणि शेजारी तुमचा सदरा. उजळात उजळ आणि काळ्यात काळा रंग एकमेकांना खेटून असतो, मधला हाफटोन जवळजवळ गायब. चित्रकार धातू ‘धातूसारखा’ करतो तो याच जोरावर, पिवळ्या रंगाच्या जोरावर नव्हे. याउलट मातीच्या माठावर उजेड हळूहळू विरतो. तांब्या आणि माठ शेजारी ठेवून बघितलेला माणूस चित्रातला पोत वेगळ्या नजरेनं बघतो.

सोबत काय न्यायचं

खिशात मावेल अशी कोऱ्या पानांची वही आणि ४बी पेन्सिल. पेन नको, चित्राजवळ शाई नेणं कुठल्याच संग्रहालयाला आवडत नाही. काळ्या जाड कागदाच्या दोन ‘एल’ आकाराच्या पट्ट्या, प्रत्येकी साधारण दोन इंच रुंद. त्या एकमेकींवर सरकवल्या की हवी तेवढी चौकट तयार होते. मोबाइल असतोच. फोटोची परवानगी मात्र दारातच विचारा, आणि फ्लॅश कधीच नाही.

शिवाय गडद रंगाचा शर्ट घाला. हा सल्ला ऐकून लोक हसतात. पण जलरंगाची आणि पेस्टलची चित्रं काचेखाली असतात, आणि पांढरा शर्ट घालून समोर उभं राहिलं की चित्राच्या गडद भागात तुमचा शर्टच दिसतो. काळ्या-निळ्या शर्टात निम्मी चमक जाते. उरलेली जाते ती एक पाऊल बाजूला सरकून, गुडघ्यात थोडं वाकून.

चित्रापुढची वीस मिनिटं

एका फेरीत तीनच चित्रं घ्यायची. चौथ्यापासून डोळा थकतो आणि माणूस पुन्हा ओळखत सुटतो. पहिल्या फेरीसाठी टाउन हॉल म्युझियम चांगलं. इमारतही बघण्यासारखी आहे, १८७०च्या दशकात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली. आत जुन्या कोल्हापुरी चित्रकारांची कामं आहेत. सुट्टीचा दिवस आणि वेळ आधी चौकशी करून जा.

दालनात शिरल्यावर एकदा सगळीकडं नजर फिरवा, एक चित्र ठरवा, आणि नावाची पाटी वाचू नका. पाटी वाचली की तीस सेकंदांत मत तयार होतं, तेही दुसऱ्याचं.

उभं राहायचं ते चित्राच्या कर्णाच्या साधारण दुप्पट अंतरावर. जलरंगाचा अर्धा कागद साधारण १५ बाय २२ इंचांचा असतो. त्याचा कर्ण २७ इंच, म्हणजे तुम्ही साडेचार फुटांवर. मोठ्या तैलचित्रापुढं आठ-दहा फूटही लागतील. लोक सगळ्याच चित्रांपुढं दोन फुटांवर उभे राहतात. तिथून मोठं चित्र एका नजरेत मावत नाही, आणि मावलं नाही की रचना कळत नाही.

पहिली दोन मिनिटं पापण्या अर्ध्या मिटून बघा. तपशील विरघळतो आणि फक्त गडद-उजळाचे मोठे पॅच उरतात. ते मोजा. चांगल्या चित्रात ते बहुधा पाच-सातच असतात. वहीत काडेपेटीएवढा चौकोन काढा आणि ते पॅच तीनच टोनमध्ये भरा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. रेखाटन चांगलं यायची गरज नाही, दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळही देऊ नका. हात फिरला की डोळ्यानं काय सोडलं होतं ते कळतं. घाटाच्या पायऱ्या तुम्ही उजळ समजत होता, चित्रात त्या करड्या असतात आणि पांढरा फक्त एका बाईच्या पदरावर ठेवलेला असतो. परवानगी असेल तर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा आणि आपला चौकोन ताडून बघा. रंगाची भूल पडते ती इथं: लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसतात, पण टोन पुष्कळदा एकच असतो.

मग उजेडाची दिशा. व्यक्तिचित्रात नाकाची सावली ओठावर कुठल्या बाजूला पडलीय ते बघा, आणि डोळ्यातला चमकता ठिपका घड्याळाच्या काट्यानं वाचा: दहाच्या जागी की दोनच्या? जुने चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी ठेवत, कारण आपल्याकडं उत्तरेकडून थेट ऊन जवळजवळ येत नाही आणि उजेड दिवसभर फारसा हलत नाही. बाबूराव पेंटर यांचं व्यक्तिचित्र समोर आलं तर हे जरूर करा. स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार करणारा, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारा हा माणूस. चेहऱ्यावर उजेड कुठून टाकायचा याचा विचार त्यांनी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही हातात घेऊन केला होता.

त्यानंतर कडा. चित्र समजण्यात सगळ्यात कमी सांगितली जाणारी आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एका आकाराची कड बोटानं हवेत गिरवा (चित्राला हात न लावता, फूटभर लांबून). कुठं ती चाकूनं कापल्यासारखी आहे, कुठं मऊ होते, कुठं मागच्या रंगात बुडून जाते? काळ्या केसांची कड काळ्या पार्श्वभूमीत हरवलेली असते, आणि तरी डोकं गोल दिसतं, कारण ते तुम्हीच पुरं करता. चित्रकार नजर न्यायची तिथं कड धारदार ठेवतो, बाकी सैल सोडतो. सगळ्या कडा सारख्या धारदार असतील तर चित्र कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं. ‘फिनिशिंग एक नंबर’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो पुष्कळदा हाच दोष असतो.

आता काळ्या पट्ट्यांची चौकट डोळ्यासमोर धरून चित्र एकेका बाजूनं कापून बघा. डावीकडचं झाड झाकलं तर काय बिघडतं? काहीच बिघडलं नाही तर झाड उगाच होतं. नजर उजवीकडून घसरून बाहेर गेली तर झाड तिला अडवायला होतं.

आणि सगळ्यात शेवटी, हात मागं बांधून, एक-दीड फुटावर जा. साडेचार फुटांवरून जो फेट्याचा पिळ वाटत होता, तो इथून तीन फटकाऱ्यांचा निघतो. पुन्हा मागं या, पुन्हा पुढं जा. हे पुढं-मागं तीन-चारदा करा. फटकारे कुठल्या अंतरावर फेटा होतात, ती जागा पायानं शोधायची असते. मग पाटी वाचा.

पाण्यासाठी वेगळा धडा

निसर्गचित्र आपल्याकडं एवढं की त्यासाठी एक संध्याकाळ रंकाळ्यावर घालवणं भाग आहे. वारा पडलेला असताना शालिनी पॅलेसच्या बाजूला बघा: उजळ भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा किंचित गडद, आणि काळ्या झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा किंचित फिकं. वाऱ्याची झुळूक आली की त्या पट्ट्यातलं प्रतिबिंब पुसलं जातं आणि आभाळाच्या रंगाची आडवी रेघ उमटते. संध्यामठाचा दगड काळा म्हणतो आपण, पण सावलीतला दगड आभाळाखाली निळसर-जांभळा दिसतो आणि उन्हातला तपकिरी. दूरवर पन्हाळा-जोतिबाचे डोंगर पावसाळ्यानंतर स्वच्छ निळे, एप्रिलच्या धुळीत फिके करडे. दोन्ही वेळा जवळच्या झाडापेक्षा त्यांच्यात उजेड-सावलीचा फरक कमी.

हे बघून मग रंकाळ्याचं चित्र बघा. पाण्यात गडद निळा सरसकट फासलेला असेल तर तो पाणी न बघता काढलाय हे लगेच कळतं. आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा या जागा पुन्हा पुन्हा का रंगवत असतील, तेही कळतं: जागा तीच, उजेड रोज वेगळा. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली अशी आख्यायिका आहे. त्यांचं एखादं काम समोर आलं तर ठरलेली वीस मिनिटं विसरा आणि हवं तेवढं थांबा.

कशात केलंय?

जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. उजेड आधीपासून राखून ठेवावा लागतो, चुकला तर परत आणता येत नाही; म्हणून चित्रकार फिक्यापासून गडदाकडं जातो. जवळून बघा: एका वॉशवर (पातळ रंगाच्या थरावर) दुसरा वॉश चढलाय तिथं कड दिसते. फुलकोबीसारखी वेडीवाकडी कड दिसली तर अर्धवट ओल्या रंगात जास्त पाणी शिरलंय. तो अपघात असतो, पण जाणता चित्रकार त्याचंच झाड करून टाकतो.

तैलरंग उलट. यात उजेड वरून चढवता येतो, त्यामुळं उजळ जागी रंगाचा थर बहुधा जाड आणि सावल्या पातळ. बाजूनं, भिंतीला जवळजवळ गाल लावून बघितलं की थरांची उंची दिसते. तडे गेले असतील तर एक कारण हे असतं की खालचा तेलकट थर पुरता वाळण्याआधी वरचा थर चढवला. वरचा आधी वाळला, खालचा हलत राहिला. आणि जुन्या तैलचित्रातलं आभाळ पिवळट दिसलं तर ‘काय उदास रंग वापरलाय’ म्हणू नका. वरचं राळेचं वॉर्निश काही दशकांत पिवळं पडतं. खाली आभाळ निळंच असू शकतं.

पेस्टल म्हणजे कागदाच्या खरखरीत अंगावर बसलेली रंगाची भुकटी. तिला चमक नसते, आणि धक्क्यानं ती झडते. म्हणून काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवतात. हे माध्यम नीट बघायचं तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालय गाठा. पडद्यावरचा नट म्हणून आधीची पिढी त्यांना ओळखते. त्यांची पेस्टलमधली निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग तिथं बघायला मिळतं.

कागदावरच्या कामांचं दालन अंधारं वाटलं तर तक्रार करू नका. जलरंग उजेडानं उडतो. अशा कामांसाठी जगभर सुमारे ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड पुरेसा मानतात, तैलरंगाला त्याच्या तीन-चारपट चालतो. डोळ्याला सरावायला पाच मिनिटं द्या. आणि घरी घेतलेलं जलरंगाचं चित्र ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

पुतळा आणि पाषाण

पुतळ्याला पुढची बाजू नसते, निदान एकच नसते. आठ जागा ठरवून भोवती फिरा, प्रत्येक जागी बाह्यरेषा तेवढी बघा. उभ्या मूर्तीत पहिला प्रश्न एकच: वजन कुठल्या पायावर? वजनाच्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा थोडा उतरतो, मान तोल सावरते. स्वतः तसं उभं राहून बघा, लाजू नका. टाउन हॉल म्युझियममधली ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन ब्राँझ मूर्ती या प्रश्नासाठी उत्तम. हातात मावेल एवढी आहे, त्यामुळं लोक तिच्यावरून नजर टाकून पुढं जातात.

बिंदू चौकातले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे तर रोज रस्त्यावरून दिसतात. ते डिसेंबर १९५० मध्ये बसले, बाबासाहेब हयात असताना. पुढाकार होता माधवराव बागलांचा, जे स्वतः चित्रकार होते. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, असे दोनदा जा. तेच चेहरे, पण भुवईखालची सावली बदलली की भाव बदलतो. दुपारी बारा ही वेळ पुतळ्यासाठी सगळ्यात वाईट: डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

पाषाणातलं कोरीव काम बघायचा नियमही हाच: ऊन तिरकं हवं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शहरापासून साठेक किलोमीटरवर. बाराव्या शतकातलं शिलाहार राजांचं काम. भर दुपारी गेलात तर बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती सपाट दिसतील. सकाळी लवकर पोचा, आणि ऊन चढल्यावर आत स्वर्गमंडपात जा. छताला मधोमध गोल मोकळीक आहे, खाली बरोबर तेवढीच गोल शिळा. त्या शिळेवर पडलेला उन्हाचा तुकडा हळूहळू सरकतो आणि त्याचा परतलेला उजेड भोवतीच्या खांबांना खालून लागतो. घरातल्या अंड्याच्या कडेचाच उजेड तो. फक्त इथं त्यानं अख्खा मंडप भरलेला असतो.

अमूर्त चित्रापुढं

“हे काय काढलंय?” हा प्रश्न बाजूला ठेवा, बाकी सगळं तेच. टोनचे पॅच मोजा, कडा बघा, पट्ट्या धरून कापा, पुढं-मागं चाला. ओळखण्यासारखं काही नसल्यानं उलट सोपं जातं. आवडलं नाही तर नाही आवडलं. पण वीस मिनिटांनी नावडणं आणि चार सेकंदांत नावडणं यांत फरक आहे.

प्रात्यक्षिक चुकवू नका

प्रदर्शनांच्या निमित्तानं आणि कलामहाविद्यालयांत चित्रकार लोकांसमोर प्रात्यक्षिक देतात. बहुधा दोन-तीन तासांचं असतं, आणि गर्दी होते शेवटच्या अर्ध्या तासात, चेहरा ‘आल्यावर’. तुम्ही पहिल्या अर्ध्या तासाला जा. कोरा कागद असताना चित्रकार किती वेळ नुसता बघत बसतो, ते मोजा. मग मोठे पॅच, मग हाफटोन, मग कडा, आणि डोळ्यातला तो ठिपका अगदी शेवटी. मागून बघायला जागा मिळाली तर मॉडेल आणि कागद दोन्ही एका नजरेत येतील असं बसा. मॉडेलमध्ये आहे आणि चित्रात नाही अशी प्रत्येक गोष्ट वहीत टिपा.

नंतर बोलायला मिळालं तर “किती वेळ लागला?” आणि “याची किंमत काय?” हे दोन प्रश्न त्यांनी सकाळपासून वीसदा ऐकलेले असतात. त्याऐवजी टिपलेल्यातलं एक विचारा: “सर, मागची खिडकी तुम्ही घेतलीच नाही, का?” बहुतेक चित्रकार हातातला कुंचला खाली ठेवून उत्तर देतात. चित्र विकत घ्यायचंच असेल तर किंमत जरूर विचारा, पण माउंट आणि फ्रेम त्यात धरलीय का आणि मागं सही-तारीख आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.